वारसा कोणता — झाडूचा की कसबाचा?



रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहारात थोडा वेळ प्रश्नोत्तरे होतात. पंचशीलातील अमुक शब्दाचा अर्थ काय, लग्नाचा विधी कसा करावा, आजीने जपलेल्या देव्हाऱ्याचे काय करावे, असे प्रश्न नेहमीचे आहेत. त्यांची उत्तरे देणे सोपे असते. काही दिवसांपूर्वी मात्र एका बापाने असा प्रश्न विचारला की सारी सभा गप्प झाली.

हे गृहस्थ महापालिकेत सफाई कामगार आहेत. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. मुलगा आयटीआयमधून तारतंत्री, म्हणजे वायरमन, होऊन बाहेर पडला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम झाला, वर्षभर शिकाऊ उमेदवारी झाली आणि पुढे दीड वर्ष घरी बसणे झाले. मधूनमधून एखाद्या घराचे वायरिंग मिळते, लग्नाच्या मांडवात दिवे लावण्याचे काम मिळते. बाकी दिवस रिकामे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराची जागा त्याच्या वारसाला मिळू शकते, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. तेव्हा बापाने विचारले, "गुरुजी, पोराला माझ्या जागेवर लावू की नको? लावला तर बाबासाहेबांचा अपराधी होतो. नाही लावला तर घरच्या चुलीचा अपराधी होतो. यातला कोणता अपराध लहान, ते सांगा."

वाचकहो, हा प्रश्न एका घराचा नाही. नवदीक्षित कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी हातात कसब असलेला आणि कामाविना बसलेला एक तरी तरुण आहे, त्या सर्वांचा हा प्रश्न आहे. म्हणून त्याचा नीट विचार करू या.

प्रथम नशिबाची गोष्ट सोडा

काम मिळाले नाही की घरात कुजबूज सुरू होते. कोणी म्हणते साडेसाती आहे, कोणी म्हणते दक्षिणेकडचे दार बंद करा. दीक्षा घेतलेल्या घरातही शनिवारी गुपचूप तेलाची बाटली निघते, हे मी पाहिले आहे. आईच्या काळजाला दोष देत नाही. पण या बाटलीने दोन नुकसाने होतात. पैसा जातो तो जातोच, शिवाय मुलाच्या मनात बसते की दोष माझ्यातच आहे, माझ्या जन्मवेळेत आहे.

तथागतांनी शिकविले की जे घडते ते कारणाने घडते आणि कारण दूर केले तर परिणामही दूर होतो. मग बेकारीची कारणे शोधली पाहिजेत. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्यांचा तो जुना आधार पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. त्या पिढीत बाप गिरणीत असला तर मुलाला बदली कामगाराचा बिल्ला मिळण्याची आशा असे. पुढे कारखान्यांतून कायम जागा कमी झाल्या आणि कंत्राटदार वाढले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना उमेदवार घ्यावे लागतात. परंतु उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन तो कायदा घालीत नाही. म्हणून वर्ष भरले की जुना मुलगा बाहेर आणि नवा आत, असे चक्र चालते. यात आपल्या मुलाची ग्रहदशा कोठे आली?

बाबासाहेबांनी याही पलीकडचे कारण दाखविले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी १९३६ साली जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यात त्यांनी जात आणि बेकारी यांचा संबंध उलगडला. काळाबरोबर धंदे चढतात आणि बुडतात. एक धंदा बुडाला की माणसाने दुसऱ्यात जावे, हा साधा नियम आहे. पण जातीने ज्याचे काम जन्मापूर्वीच ठरविले, त्याला दुसरीकडे जाण्याची वाट नसते. म्हणून बेकारीचे एक थेट कारण जातिव्यवस्था हेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा केवळ पुस्तकी युक्तिवाद नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे. तेथे धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असे म्हणून स्पृश्य विणकरांनी आपल्या माणसांना त्या खात्यात येऊ दिले नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. हातात कसब असूनही दार बंद राहते, हे दुःख आपल्या आजोबांनी सोसलेले आहे. आज आपल्या मुलाला ते नवे वाटते, एवढेच.

सम्यक आजीव म्हणजे काय

आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीव हे एक अंग आहे. तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यांपैकी एकातही झाडू नाही, हे ध्यानात घ्या. चामडे नाही, माती नाही, लोखंड नाही, केशकर्तन नाही. जे व्यवसाय समाजाने हीन ठरविले, ते तथागतांनी हीन ठरविले नाहीत. त्यांनी एकच कसोटी लावली: या धंद्याने दुसऱ्याचे अहित होते काय?

उपाली न्हावी होता. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला प्रव्रज्या दिली गेली, म्हणजे त्या राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. चुंद लोहार होता. तथागतांनी अखेरचे भोजन त्याच्या घरी घेतले आणि त्याच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून आनंदाला मुद्दाम निरोप दिला. सुनीत झाडलोट करणारा होता. त्याला पाहून तथागतांनी वाट बदलली नाही. त्याला संघात घेतले.

याच सुनीताच्या कथेत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. तथागतांनी सुनीताचा तिरस्कार केला नाही, हे खरे. पण 'तुझे काम थोर आहे, तेच करीत राहा आणि पुण्य मिळव' असेही ते त्याला म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला दुसरा मार्ग मोकळा करून दिला. झाडूचा गौरव करून झाडूवाल्याला जागच्या जागी ठेवणे, हे आपल्या देशात पुष्कळांनी केले आहे. तो धम्म नव्हे.

कोलिय देशातील दीघजाणू या गृहस्थाला तथागतांनी संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. शेती असो, व्यापार असो, गोपालन असो, धनुर्विद्या असो, राजाची चाकरी असो की एखादे शिल्प असो, ज्यावर पोट चालते त्यात माणसाने दक्ष आणि निष्णात असावे. कष्टाने मिळविलेले जपावे. चांगल्या माणसांची संगत धरावी. आणि मिळकतीच्या मानाने खर्च ठेवावा. धनुर्विद्या आणि राजाची चाकरी या यादीत आहेत, हेही पाहा. आपले अनेक बांधव आयुधनिर्माणीत नोकरी करतात. त्यांना 'आपण शस्त्रांचा व्यापार करतो काय?' अशी शंका येते. माझ्या समजुतीप्रमाणे निषेध आहे तो नफ्यासाठी शस्त्रे विकण्याचा. देशाच्या चाकरीत लेथवर उभा असलेला कातारी व्यापारी नव्हे. तरीही ज्याचे मन टोचत असेल त्याने दुसरे काम शोधावे. कोणी त्याला हसू नये.

झाडू नाकारावा काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी त्या बापाला उत्तर देण्याआधी एक चूक केली, ती कबूल केली पाहिजे. अर्धा तास आम्ही वडीलधारी माणसे वाद घालीत होतो. एक म्हणे, सरकारी पगार सोडणे मूर्खपणा आहे. दुसरा म्हणे, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडा म्हणून सांगितले. वतनाचे जोखड झुगारले. आणि आपण पुन्हा वारशाने झाडू घ्यायचा? दोघांचेही बरोबर होते. पण मुलगा चपला ठेवण्याच्या जागेपाशी उभा होता आणि त्याला कोणी विचारलेच नव्हते. शेवटी एका उपासिकेने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मला झाडूची लाज नाही. त्याच पगारावर मी शिकलो. पण ही जागा मी घेतली, की उद्या माझ्या पोरालाही हीच जागा मिळणार, याची मला भीती वाटते."

वाचकहो, या एका वाक्यात सारे तत्त्व आले. दोष झाडूत नाही, दोष वारशात आहे. एखाद्या कामाकडे माणूस आपल्या पायांनी चालत गेला, तर ते काम आहे. जन्माने ढकलला गेला, तर ते वतन आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले, तेव्हा अनेक घरांना वाटले की हातची भाकरी जाते. वतनात जमिनीचा तुकडा होता, बलुते होते. तरीही ते म्हणाले की ही भाकरी आपल्याला बांधून ठेवते. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

म्हणून माझे उत्तर असे. घरात खरोखर अन्नाची भ्रांत असेल, आजारपण असेल, कर्ज असेल आणि दुसरी वाट दिसत नसेल, तर मुलाने ती जागा घेण्यात कोणतेही पाप नाही, धम्मद्रोह नाही. उपाशी घराला उपदेश करणे सोपे असते. ते करण्याचा अधिकार मला नाही. परंतु घ्यायची तर तीन अटींवर घ्यावी. पहिली अट अशी की, आयटीआयचे प्रमाणपत्र पेटीत गंजू देऊ नये. महापालिकेला वायरमनही लागतात. नेमणूक झाल्यापासूनच आपल्या शिक्षणाची नोंद करून घ्यावी आणि त्या पदाची जाहिरात निघाली की अर्ज करावा. दुसरी, गटारात उतरायचे नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरविणे हा गुन्हा ठरला आहे. गटारात गुदमरून मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण तीस लाखांनी बाप परत येत नाही. तिसरी अट सर्वांत मोठी: ही जागा या घरात शेवटची. नातवाच्या नावे ती लिहिली जाणार नाही, असा निश्चय घरच्या साऱ्यांनी मिळून करावा.

आणि घरात अशी अडचण नसेल, बापाची दोन वर्षे नोकरी उरलेली असेल, तर ती दोन वर्षे मुलाचे कसब उभे करण्यासाठी वापरावीत. त्या घरी तसेच होते.

कसबाला कोणत्या वाटा आहेत

वाट नाही असे आपण लवकर म्हणतो. पाहू या.

पहिली वाट परवान्याची. वीजजोडणीचे काम कायद्याने परवानाधारक ठेकेदाराच्या नावावरच होते. हातात कितीही कसब असले तरी परवाना नसेल, तर घाम आपला, सही दुसऱ्याची आणि पैशाचा मोठा वाटाही दुसऱ्याचा. म्हणून आयटीआय झालेल्या मुलाने सर्वप्रथम तारतंत्रीचा परवाना काढावा आणि अनुभव जमला की पुढची पायरी चढावी. या एका कागदाने मजूर आणि कारागीर यांतला फरक पडतो.

दुसरी वाट पुढील शिक्षणाची. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, ही समजूत आपणच करून घेतली आहे.

तिसरी वाट गावाकडची. विहिरीवरची मोटार जळाली की रब्बीच्या दिवसांत शेतकरी एक दिवस थांबायला तयार नसतो. मोटार वायंडिंग येणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी उपाशी राहत नाही. आता त्यात नवी भर पडली आहे. केंद्र सरकारने २०२४ साली एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याची योजना सुरू केली. राज्यातही शेतीसाठी सौर पंप बसत आहेत. बसविणारे मिळतात, सहा महिन्यांनी बिघाड झाला की दुरुस्त करणारा मिळत नाही. ज्याला जुनी मोटार कळते त्याने पॅनेल आणि कंट्रोलर शिकून घेतला, तर तो दोन्ही काळांचा मिस्त्री होईल.

चौथी वाट स्वतःच्या दुकानाची. हत्यारे, मेगर, वायंडिंग यंत्र यांना भांडवल लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ बीजभांडवल देते. २०१५ पासून मुद्रा कर्जही आहे. २०२३ साली निघालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. सुतार, लोहार, गवंडी, चर्मकार, शिंपी यांत येतात, वायरमन येत नाही. ज्याचा धंदा त्यात बसतो त्याने लाभ जरूर घ्यावा. परंतु कर्जाबाबत एक सांगतो. धंद्यासाठी काढलेल्या कर्जातून लग्नाचा मांडव घालू नका. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी सांगितले होते की मिळकतीचे चार भाग करावेत: एक उपभोगाला, दोन धंद्याला आणि एक अडीअडचणीसाठी राखून. आपल्या तुटपुंज्या मिळकतीत हे प्रमाण बसणार नाही. पण धंद्याचा पैसा आणि घराचा पैसा यांना वेगळे डबे असावेत, एवढे तर कोणालाही जमते.

परदेशी जाण्याची वाटही काही जण धरतात. तिचा विचार करणाऱ्याने सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जावे, करार समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा, आणि सावकाराचे कर्ज काढून विमानात बसू नये.

कसबातला मोह

आता कटू पण आवश्यक गोष्ट. वायरमनच्या हाती विद्या येते, तिच्याबरोबर मोहही येतो. कोणी म्हणतो, आकडा टाकून दे, शंभर रुपये घे. कोणी म्हणतो, मीटर हळू फिरेल असे कर, हजार देतो. रिकाम्या खिशाला हजार रुपये मोठे असतात. पण दुसऱ्या शीलाचा अर्थ काय, ते येथे कळते. न दिलेले घेणे म्हणजे केवळ भिंत फोडून घेणे नव्हे. तारेतून घेतलेलेही तेच. २००३ च्या वीज कायद्याने त्याला तुरुंगवास आहे, पण त्याहून मोठी शिक्षा वेगळी आहे. आकडा टाकणारा म्हणून ज्याचे नाव झाले, त्याला भले माणूस घरात घेत नाही, आणि आपल्या मुलाचे नाव खराब झाले की लोक त्याचे नाव घेत नाहीत, साऱ्या वस्तीचे घेतात. मीटरच्या हजारापेक्षा विश्वासाचे शंभर जास्त दिवस पुरतात.

विहाराचे आणि घराचे कर्तव्य

सारा भार त्या एका तरुणावर टाकून आपण मोकळे होऊ नये. कूटदंत सुत्तात एका राजाची कथा येते. राज्यात चोऱ्या वाढल्या, तेव्हा पुरोहिताने त्याला सांगितले की दंडाने हे थांबणार नाही; शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. म्हणजे माणसांना काम देणे ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, हे धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. बाबासाहेबांकडे १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते होते. त्या काळात सेवायोजन कार्यालये व तांत्रिक शिक्षण यांची उभारणी सुरू झाली, आणि देशाच्या वीजविकासाच्या नियोजनाचा पायाही त्यांच्याच खात्यात घातला गेला. आपला वायरमन मुलगा खांबावर चढतो तेव्हा त्याने हे आठवावे. सरकारकडे काम मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे. तो मागत राहिला पाहिजे.

पण विहारही काही करू शकतो. आमच्या विहारात आता एक वही ठेवली आहे. तिच्यात वस्तीतील कारागिरांची नावे आहेत: जोडारी, संधाता, वायरमन, नळकाम करणारे, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या भगिनी. ज्याच्या घरी काम निघेल त्याने आधी वहीत पाहावे आणि पूर्ण मजुरी द्यावी, 'आपलाच आहे' म्हणून अर्धी नव्हे. आपल्या माणसाला कमी पैसे देण्याची सवय आपल्यात फार आहे. शिवाय वस्तीतील वयस्क मिस्त्रींनी महिन्यातून एक रविवार मुलांना शिकवावे असे ठरले आहे.

त्या मुलाने वडिलांची जागा अद्याप घेतलेली नाही. परवान्याचा अर्ज भरला आहे, आणि तालुक्याच्या गावी एका मिस्त्रीकडे तो वायंडिंग शिकतो आहे. दोन वर्षांनी काय होईल, ते मी सांगू शकत नाही. कदाचित त्याला ती जागा घ्यावीही लागेल. पण ती घेतली तरी तो ती निवडून घेईल, वारसा म्हणून नव्हे. आणि वडिलांना आता अपराधी वाटत नाही.

वाचकहो, आज संध्याकाळी जेवायला बसाल तेव्हा आपल्या घरातल्या तरुणाला एकच विचारा, "बाळ, तुला काय व्हावेसे वाटते?" आपल्याला जन्मभर हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपण तरी तो विचारू या.

जय भीम.